भित्तिपत्रकाचा वाचक

क्रीडा आणि आरोग्य या विषयांवरचे शालेय भित्तिपत्रक, म्हणजे विद्यार्थी ज्याला सरळ ‘पोस्टर’ म्हणतात ते ड्रॉइंग शीटवरचे चित्र आणि ठळक अक्षरे यांचे मिश्रण, महाराष्ट्रातील शाळांमध्ये दरवर्षी अमाप संख्येने तयार होते आणि बहुतेक वेळा कोणीही न वाचता गुंडाळून कपाटावर ठेवले जाते. मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, २९ ऑगस्टला, २०१२ पासून राष्ट्रीय क्रीडा दिन पाळला जातो. त्याच दिवशी २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ मोहिमेचा आरंभ झाला. खाशाबा जाधव यांचा १५ जानेवारी हा जन्मदिन आता राज्याचा क्रीडा दिन आहे. आणि अशा प्रत्येक दिवशी शाळेला काहीतरी ‘उपक्रम’ करून त्याची छायाचित्रे वर पाठवावी लागत असल्यामुळे, ज्याला मैदान लागत नाही आणि पंचही लागत नाही, असा चित्रकला स्पर्धेचा मार्ग सर्वांत सोयीचा ठरतो. खेळाचा दिवस मुलांना दोन तास मांडी घालून, पाठ वाकवून, ब्रश बुडवत बसायला लावून साजरा व्हावा यातील विसंगती चटकन लक्षात येते. पण तिला हसून विषय सोडून देणे घाईचे होईल, कारण दोष बसण्यात नाही. मुलाला ते चित्र काढण्याआधी मैदानावर जाऊन काही नीट पाहावे लागले असेल आणि काढलेले चित्र कोणाला तरी उद्देशून असेल, तर ते दोन तास खेळाच्या तासाइतकेच सार्थकी लागतात. अडचण अशी की शालेय भित्तिपत्रक सहसा कोणालाच उद्देशून नसते.

या पत्रकांची घडण आता इतकी ठरून गेली आहे की एक पाहिले की उरलेली पाहिल्यासारखीच असतात. एका बाजूला धावणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला तकतकीत सफरचंद, मध्ये लाल हृदय आणि त्यातून निघालेली नागमोडी ईसीजीची रेघ, खाली डंबेल्सची जोडी, आणि वर यमक जुळवलेले घोषवाक्य. हे सारे साहित्य मोबाईलवर शोधून सापडलेल्या तयार चित्रांतून आलेले असते. त्यामुळे ते पत्रक लातूरचे आहे, नाशिकचे आहे की आणखी कुठले, हे त्याच्याकडे पाहून कळायला मार्ग नसतो. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावाच्या संदर्भात हा तोटा अधिक ठळक होतो. नीरा–बारामती रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातले आणि सोमेश्वर व माळेगाव या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले हे गाव आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस भाटघरच्या धरणातून कालव्याचे पाणी आल्यावर या मूळच्या अवर्षणग्रस्त भागाची शेती, आहार, श्रमाची पद्धत आणि पैशाची आवक हे सर्वच बदलत गेले. अशा ठिकाणी आरोग्य हा विषय हवेतला राहत नाही, त्याला उसाचा वास असतो. तरीही तिथल्या वर्गातले पत्रक काश्मीर-हिमाचलातून येणारे सफरचंद काढते, आणि बारामती-इंदापूरच्या बागांतला पेरू, डाळिंब किंवा बांधावरचे बोर-जांभूळ मात्र त्या कागदावर येत नाही.

भित्तिपत्रक म्हणजे नेमके काय, हे येथे स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. पुस्तकाकडे वाचक स्वतःहून येतो. भित्तिपत्रकाला जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवावे लागते, आणि तो थांबेल तेवढ्या काही क्षणांत आपले एकच म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचवावे लागते. या एका अटीतून त्याचे सारे तंत्र निघते. दहा फुटांवरून अक्षर सहज वाचता यावे यासाठी त्याची उंची सुमारे एक इंच असावी, असा फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींमध्ये जास्त मोकळी जागा सोडावी लागते. पोस्टर कलर हे अपारदर्शक रंग असल्याने गडद पार्श्वभूमीवर फिकट अक्षर थेट चढवता येते, जी सोय जलरंगात मिळत नाही. शाळेतला नवशिका चित्रकार मात्र पहिल्या अक्षरापासून जोमाने सुरुवात करतो, ‘आरोग्य’ हा शब्द अर्ध्या शीटवर ऐसपैस पसरतो, आणि ‘हीच खरी संपत्ती’पर्यंत पोहोचेतो जागा संपून शेवटची दोन अक्षरे कडेला एकमेकांच्या अंगावर चढलेली दिसतात. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, अक्षरलेखनाचा समावेश आहे तो याच शिस्तीसाठी. अक्षरांची मापे आधी पेन्सिलीने आखून घ्यावीत हे मुलांना शिकवता येते आणि चांगले कलाशिक्षक ते शिकवतातही. पण थांबवायचे कोणाला आणि त्याला सांगायचे काय, हे पट्टी घेऊन आखता येत नाही, आणि या बाबतीत स्पर्धेच्या नियमावलीत कागदाचा आकार, वेळ आणि विषय यांपलीकडे सहसा काहीच लिहिलेले नसते.

भारतात आरोग्यविषयक दृश्य प्रचाराचा इतिहास छोटा नाही, आणि त्यात यशाइतकेच अपयशही शिकण्यासारखे आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण देशभरच्या भिंतींवर आला तो निरक्षर माणसालाही दुरून ओळखता यावा म्हणून. त्याची खूण इतकी साधी होती की ती गावातल्या कोणत्याही रंगाऱ्याला न चुकता काढता येत असे, आणि तो जिथे रंगवलेला असे तिथे आत जाऊन सेवा मिळत असे. म्हणजे चित्राच्या मागे दार होते. महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावच्या भिंती घोषवाक्यांनी भरून टाकल्या, परंतु गावे हलली ती त्या वाक्यांमागे शौचालये, बक्षिसाची चुरस आणि तपासणीसाठी येणारी समिती उभी होती म्हणून. जिथे या तीन गोष्टी ओसरल्या तिथे वाक्ये तेवढी पुसट होत राहिली. तंबाखूच्या वेष्टनावरचे चित्ररूप इशारे ३१ मे २००९ पासून आणि वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापणारे मोठे इशारे २०१६ पासून सक्तीचे झाले. त्यांची चित्रे कलेच्या दृष्टीने भयानकच आहेत, पण त्यांची जागा अचूक आहे: पुडी हातात घेण्याचा निर्णय ज्या क्षणी होतो त्याच क्षणी ती डोळ्यांसमोर येतात. या तिन्ही उदाहरणांवरून एक कसोटी निघते. भित्तिपत्रक ज्याला निर्णय घेता येतो त्याच्यासमोर, निर्णय जिथे होतो त्या ठिकाणी असावे, आणि त्याने सांगितलेली गोष्ट करता येण्याजोगी असावी.

या कसोटीला शालेय क्रीडापत्रक बसत नाही. ‘खेळा, व्यायाम करा, निरोगी राहा’ असे ते दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगते, पण खेळावे हे त्या वयाच्या मुलाला पटवून द्यावे लागत नाही. त्याला अडवावे लागते. खेळाचा तास गणिताला द्यायचा का, मैदानावर लग्नाचा मांडव पडू द्यायचा का, मुलीला संध्याकाळी पाच ते सहा बाहेर जाऊ द्यायचे का, शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर काय विकू द्यायचे, हे निर्णय मोठ्या माणसांचे असतात. ती मोठी माणसे मात्र त्या पत्रकाच्या वाटेला फिरकत नाहीत, कारण ते शाळेच्या व्हरांड्यात, म्हणजे मुलांच्याच वाटेवर लावलेले असते. मुलांनी मुलांना, त्यांना आधीच मान्य असलेली गोष्ट, आज्ञार्थी क्रियापदात सांगायची, असा हा एकूण व्यवहार आहे.

चित्रातून आरोग्य शिकवण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत विचक्षण प्रयोग एका संस्थानिकाच्या नावावर आहे. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. ‘चित्ररामायण’ हे त्यांचे पुस्तक १९१६चे, आणि औंधचे श्रीभवानी संग्रहालय त्यांनी १९३८ मध्ये उभे केले. त्यांनीच सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रचार केला, त्यावर पुस्तके लिहिली, आणि त्यांच्या पद्धतीचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. या पुस्तकांतील छायाचित्रे व्यायामाचे माहात्म्य सांगत बसत नाहीत. हात कुठे टेकायचे, गुडघा कुठवर न्यायचा, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे ती क्रमाने दाखवतात, त्यामुळे पुस्तक समोर ठेवून माणसाला लगेच सुरुवात करता येते. ‘कर’ म्हणणे आणि ‘असे कर’ म्हणणे यांत जे अंतर आहे ते पंतप्रतिनिधींना चित्रकार म्हणून कळले असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले आणि त्यासाठी वेळ राखून ठेवला. सक्तीने आरोग्य येते का, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता आणि आजही विचारावा असा आहे. राजाला हुकूम काढता येतो ही त्याची सोय होतीच. तरी राजाच्या चित्रामागे राजाचे वेळापत्रक होते, एवढे मान्य करावेच लागते. आजच्या पत्रकामागे वेळापत्रक नसते.

क्रीडापत्रकातली दुसरी उणीव निरीक्षणाची आहे. खो-खो हा खेळ महाराष्ट्राचा. त्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले आणि १९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन्ही अंतिम सामन्यांत भारताच्या स्त्री आणि पुरुष संघांनी नेपाळला हरवले, तेव्हा प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले होते. हा खेळ खेडोपाडी शाळेच्या अंगणात फक्कीच्या रेघा मारून खेळला जातो, म्हणजे चित्र काढणाऱ्या मुलाने तो शंभरदा पाहिलेला असतो. तरीही पत्रकावर दोन खांबांच्या मध्ये आठ सारखी मुले एकाच दिशेला तोंड करून, शाळेच्या प्रार्थनेला बसावीत तशी, बसलेली दिसतात. प्रत्यक्षात शेजारच्या दोघांची तोंडे नेहमी विरुद्ध दिशांना असतात, आणि पाठीमागून ‘खो’ मिळताच उठता यावे म्हणून बसलेल्याचे वजन टाचांवर नसून चवड्यांवर असते, एक पाय किंचित मागे, बोटे मातीला टेकलेली, मान मात्र पळणाऱ्याच्या मागे वळलेली. हे ज्याने चितारले त्याला खेळ समजलेला असतो. आणि ते चितारण्यासाठी ज्याला पुन्हा मैदानाच्या कडेला जाऊन बसावे लागले, त्याने भित्तिपत्रकाच्या निमित्ताने शरीरशास्त्राचा एक धडा घेतलेला असतो. रेखाकला परीक्षेतल्या स्मरणचित्र या विषयाचा मूळ हेतूही पाहिलेले आठवून काढणे असाच आहे, परंतु परीक्षेच्या तयारीत त्याचा अर्थ ठरावीक माणसे पाठ करणे असा होऊन बसला: एक पाठमोरी बाई, एक धावणारा मुलगा, एक झाड. हीच पाठ केलेली माणसे पुढे क्रीडापत्रकावर येऊन धावू लागतात.

खाशाबा जाधवांचे चित्र हाही या प्रकारातला एक ठरीव भाग आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ मध्ये हेलसिंकीला फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पत्रकावर त्यांच्या गळ्यात पदक असते, मागे तिरंगा असतो, पुढे पाच वर्तुळे. पण त्या प्रवासाचा खर्च उभा करण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले होते, ही बाजू चित्रात येत नाही. तालमीत घुमून अंग कमावणे ही खाशाबांची स्वतःची कमाई होतीच. तिला प्रवासाचे तिकीट मिळवून देणे मात्र इतरांच्या हातात होते. जे पत्रक केवळ पदक दाखवते ते मुलाला सांगते की मेहनत कर. जे गहाणखत दाखवील ते गावाला विचारील की तू काय देणार. पहिल्या पत्रकाने कोणी अस्वस्थ होत नाही, आणि म्हणूनच त्याला पहिले बक्षीस मिळते.

व्यायामाविषयीच्या सरसकट उपदेशात मुलींच्या बाबतीत गफलत फार सूक्ष्म रीतीने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ या वयात दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल व्हायला हवी. संघटनेच्या संशोधकांनी २०१६पर्यंतच्या माहितीवरून केलेला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला १४६ देशांचा अभ्यास सांगतो की ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले-मुली ही मर्यादा गाठत नाहीत. त्यात बांगलादेश आणि भारत येथील मुलींची स्थिती इतर देशांतील मुलींपेक्षा बरी दिसली, आणि त्याचे एक संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी मुलींवर पडणाऱ्या घरकामाकडे बोट दाखवले. या निष्कर्षापाशी कोणत्याही क्रीडापत्रकाने जरा थबकायला हवे. पाण्याचा हंडा वाहणारी, धाकट्याला काखोटीला मारून फिरणारी, झाडलोट आणि भाकऱ्या उरकून शाळेत येणारी मुलगी आकडेवारीच्या दृष्टीने ‘सक्रिय’ ठरते; तिला ‘व्यायाम करा’ सांगणे निरर्थक आहे. तिच्या वाट्याला हालचाल भरपूर आली आहे, खेळ आलेला नाही, आणि या दोन्ही गोष्टींत मोठे अंतर आहे: खेळात हरण्या-जिंकण्याचा थरार असतो, सोबत असते, आणि आपला वेळ आपण उधळल्याचा आनंद असतो. त्यातच राज्यातल्या किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाच्या, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असण्याच्या स्थितीत असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसून आले आहे, म्हणूनच शाळांत आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते. मुलींच्या आरोग्यावरचे प्रामाणिक पत्रक धावणाऱ्या मुलीचे नसेलही. ते त्या निळ्या गोळीचे, पालेभाजी-कडधान्याच्या ताटलीचे, किंवा सायंकाळच्या सहाच्या ठोक्याला रिकाम्या असलेल्या मैदानाच्या अर्ध्या भागाचे असू शकेल.

आहाराच्या बाबतीत कोऱ्हाळ्यासारख्या गावात विषय थेट साखरेशी जाऊन भिडतो आणि तिथे तो खऱ्या अर्थाने रंगतदार होतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, म्हणजे कोणत्या पदार्थात किती साखर आहे, किती खावी आणि जास्त खाल्ल्याने काय होते हे दाखवणारा फलक. हा आदेश राज्य मंडळाच्या शाळांसाठी नव्हता, पण कल्पना कोणालाही उचलता येईल अशी आहे, आणि इतर अनेक शालेय फलकांपेक्षा ती सरस यासाठी आहे की तिच्यात आकडा असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनेनुसार ‘मुक्त शर्करा’, म्हणजे पदार्थात वरून घातलेली साखर तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर, ही दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत असल्यास अधिक हिताची. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, जेमतेम पाच-सहा चमचे, आणि लहान मुलासाठी त्याहून कमी. साधारण शीतपेयात १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते, त्यामुळे २०० मिलिलिटरची छोटी बाटली एकटीच त्या मर्यादेच्या जवळपास पोहोचते. गुऱ्हाळावरच्या उसाच्या रसाचा पेला तिला मागे टाकतो. गूळ नैसर्गिक म्हणून निर्धास्तपणे खाल्ला जातो, पण त्याचाही मोठा भाग साखरच असतो.

ज्या गावाच्या घरांवर स्लॅब साखरेच्या पैशाने पडला, ज्याची मुले कारखान्याच्या परिसरातल्या महाविद्यालयात शिकली, जिथे एक टन उसापासून साधारण ११० ते १२० किलो साखर निघते आणि तिचा उतारा हा चहाच्या टपरीवरच्या गप्पांचा विषय असतो, तिथे ‘साखर कमी खा’ असे लिहिणे हे पुण्या-मुंबईच्या शाळेत लिहिण्यापेक्षा वेगळे आहे. ऊस पिकवणे आणि साखर बेताने खाणे यांत तार्किक विरोध मुळीच नाही; द्राक्षबागायतदाराने दारू पिऊ नये म्हटले म्हणून त्याची बाग काही वाळत नाही. विरोध आहे तो संकोचाचा. सभासद पालकाच्या मुलीने वर्गात चमच्यांची रांग काढावी आणि तिला कोणी ‘बापाच्या पोटावर पाय देतेस का’ असे हसत-हसत म्हणावे, ही शक्यता अशा गावात खरी असते, आणि ज्या भित्तिपत्रकात असा थोडासा ताण असतो तेच वाचले जाते. पाहुणा आल्यावर चहात साखर जास्त पडते तो आदराचा भाग आहे. दिवसभरात किती कप, कपात किती चमचे, घरात किती माणसे आणि महिन्याला किती किलो, हा हिशेब सातवीतली मुलगी सहज करू शकते, आणि तो कागदावर मांडल्यावर त्याखाली वेगळे घोषवाक्य लिहावे लागत नाही. शाळेत शिजणाऱ्या माध्यान्ह भोजनाची आकडेवारीही अशीच भिंतीवर येण्याजोगी आहे: पीएम पोषण योजनेत प्राथमिक वर्गाच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत असे प्रमाण आहे. ते प्रमाण पालकाला ठाऊक असले तर तो ताटात डोकावतो.

याच साखरेची दुसरी बाजू दिवाळीच्या सुमारास गावात येते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून ऊसतोड मजूर गाळप हंगामासाठी येतात, कारखान्याच्या भोवती आणि रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, आणि त्यांच्यासोबत आलेल्या मुलांसाठी कधी साखरशाळा भरते, कधी ती गावच्या शाळेत बसतात, तर कधी कुठेच नाही. पहाटेच्या थंडीत वाढे गोळा करणाऱ्या, मोळीला हात लावणाऱ्या, आईबाप फडात असताना कोपी सांभाळणाऱ्या मुलाच्या समोर डंबेल उचलणाऱ्या हाताचे चित्र लावणे हे क्रौर्य म्हणता येणार नाही, कारण त्यात हेतू नाही. पण बेफिकिरी निश्चित आहे. ‘निरोगी जीवनशैली’ ही संकल्पनाच मुळात निवड करता येणाऱ्या माणसाला गृहीत धरते: काय खायचे, कधी झोपायचे, कधी खेळायचे हे ज्याच्या हातात आहे, त्याची शैली असते. त्या मुलाच्या संदर्भात आरोग्य म्हणजे पिण्याचे स्वच्छ पाणी, चुलीच्या धुरापासून सुटका आणि दुपारचे शाळेतले जेवण. हंगामात नीरा–बारामती रस्ता उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी व्यापलेला असतो. सासवडहून निघणारी संत सोपानकाकांची पालखी आषाढात ज्या रस्त्याने चालत जाते, त्याच रस्त्याच्या कडेने डिसेंबरात मुलाने सायकल चालवावी की नाही, हाही आरोग्याचाच प्रश्न झाला. ट्रॉलीला मागे परावर्तक पट्टी असावी, असे सांगणारे पत्रक कारखान्याच्या गव्हाणीकडे जाणाऱ्या रांगेत लावले तर त्याला अगदी नेमका वाचक मिळेल.

आकडे चित्रात कसे आणावेत याचे एक शास्त्र गेल्या शतकात युरोपात तयार झाले, आणि ते शाळेला पेलण्याजोगे आहे. १९२५ मध्ये व्हिएन्नात समाज व अर्थव्यवहाराचे संग्रहालय सुरू करणारे ओटो नॉयराथ यांनी, पुढे गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराच्या साहाय्याने, ‘आयसोटाइप’ नावाची पद्धत घडवली. तिचा मुख्य नियम असा की मोठी संख्या मोठे चित्र काढून दाखवू नये, तेच छोटे चित्र अधिक वेळा काढून दाखवावे. म्हणजे दुप्पट साखरेसाठी दुप्पट आकाराची गोणी काढण्याऐवजी दोन गोण्या काढाव्यात, कारण डोळ्याला आकारातला फरक नीट मोजता येत नाही, पण ओळीतल्या वस्तू मोजता येतात. कामगारवस्तीतल्या सामान्य माणसाला आपल्या शहराची घरे, आरोग्य आणि मजुरी समजावी, म्हणजे त्याला मत देता येईल, हा या खटाटोपामागचा हेतू होता. महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राथमिक शाळेत बटाटा कोरून किंवा भेंडी आडवी कापून ठसेकाम शिकवतात. तोच ठसा आयसोटाइपसाठी पुरेसा आहे. आठवडाभर रोज संध्याकाळी एका ठरावीक वेळी मैदानावर जाऊन मुलगे किती, मुली किती, मोठी माणसे किती, उभी केलेली वाहने किती, याची नोंद करायची, आणि मग प्रत्येक पाच जणांमागे एक ठसा असे सात ओळींत कागदावर उमटवायचे, एवढेच त्यात आहे. असे पत्रक काढायला चित्रकला फारशी यावी लागत नाही, त्यामुळे वर्गात ज्याचा हात वळत नाही असे मूलही ते करू शकते. ओळीत मुलींची जागा रिकामी राहिली तर ती तशीच राहू द्यावी; शोभेसाठी तिथे फुलपाखरू काढण्याचा मोह टाळला पाहिजे.

यावर आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. मुलांच्या हातून गावाला जाब विचारायला लावणे म्हणजे मोठ्यांचे भांडण मुलांच्या खांद्यावर ठेवून लढणे होय, असे कोणी म्हणू शकेल. आणि खेड्यात शिक्षकाची बदली, संस्थेची मर्जी, ग्रामपंचायतीतले गट हे सगळे लक्षात घेता मैदानावरच्या वाहनांचे ठसे छापणाऱ्या शिक्षकाला त्रास होणार नाही, अशी हमी देता येत नाही. यावर एवढेच म्हणता येईल की मोजणे हे आरोप करण्यापेक्षा सौम्य आहे: पत्रकाने कोणाचे नाव घेण्याची किंवा कोणाला दोष देण्याची गरज नसते, सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक, इतके पुरते. चित्राची मौज हरवेल, असा दुसरा आक्षेप कलाशिक्षकांकडून येईल. तो अर्धा खरा आहे, कारण सगळीच पत्रके आकड्यांची झाली तर तीही सफरचंदाइतकीच कंटाळवाणी होतील. खो-खोतला चवड्यावर बसलेला खेळाडू, पैलवानाच्या मानेवर चढलेली तांबडी माती, कोपीबाहेर भोवरा फिरवणारे मूल, यांचे एकेकटे, अबोल आणि पाहून काढलेले चित्रही भिंतीवर हवेच; फक्त त्याच्या डोक्यावर यमक लादू नये. घोषवाक्याची सवय मराठी शाळांत इतकी खोल आहे की वाक्याशिवाय चित्र अपुरे वाटते, आणि परीक्षकही आधी वाक्य वाचतात. बदल सुरू करायचा असेल तर तो मुलांपासून करण्याऐवजी परीक्षकांच्या गुणतक्त्यापासून केलेला बरा: अक्षराला आणि रंगाला काही गुण ठेवून, उरलेले गुण ‘हे कोणाला सांगितले आहे’ आणि ‘हे पाहून काढले आहे का’ या दोन रकान्यांना द्यावेत.

पत्रक लावण्याची जागा आणि वेळ हा अखेरचा, आणि एरवी विचारातच न घेतला जाणारा, भाग राहतो. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे त्यांचे परंपरेने ठरलेले दिवस आहेत. राज्य क्रीडा दिन आणि २६ जानेवारीची ग्रामसभा यांच्यात अकरा दिवसांचे अंतर आहे. ते दिवस ऐन गाळप हंगामाचे असतात, ऊसतोड कुटुंबे गावात असतात, रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला असतो आणि थंडीमुळे संध्याकाळी मैदान लवकर अंधारते. १५ जानेवारीला वर्गात बक्षिसे वाटून झाल्यावर तीच पत्रके दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर, एसटीच्या थांब्यावर आणि ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फलकावर टाचली, तर सभेला येणाऱ्या बऱ्याच माणसांनी ती दूध घालताना किंवा गाडीची वाट पाहताना आधीच दोन-चारदा पाहिलेली असतील. सभेच्या कामकाजात मैदानाचा विषय घ्यायचा असेल तर तो कोणी तरी मांडावा लागतो. मुलांना सभेत मत नसते, त्यांच्या पालकांना असते, आणि मैदानाभोवती कुंपण घालायचे, दिवा लावायचा, की वाहने दुसरीकडे उभी करायची, यासाठी ठराव त्यांच्याच हातून होतो. तो ठराव त्या वर्षी झाला नाही तरी मोजणी पुढच्या वर्षी पुन्हा करता येते, आणि दोन वर्षांचे कागद शेजारी-शेजारी लावल्यावर चर्चेला निदान कागदाचा आधार तरी मिळतो.